भट्टीवरचा जोड

यंत्रमागाच्या गिअरांना पाणी द्यायचं, हे दादाचं काम. म्हणजे भट्टीत लाल करायचे आणि नेमक्या वेळी तेलात बुडवायचे. लोखंडाचा रंग बघून तो ताव ओळखायचा. पन्नाशीनंतर नजर अधू झाली, तसं मला म्हणाला, "तू कॉलेजात पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतोस की. मला आकडा दिसंल असं कायतर करून दे."

करून दिलं. दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेलं, तापमान मोजणारं थर्मोकपल भट्टीत, मायक्रोकंट्रोलरची पेटी भिंतीवर, आकडे लांबून वाचता येतील एवढे मोठे. थर्मोकपल आणि पेटीच्या मधेही त्याच धातूंची तार लागते. ती पुण्याहून यायची होती आणि दादाला घाई. मी साधी तांब्याची तार ओढली. तांब्याचा असा जोड भट्टीजवळ तापला की पेटी तेवढा आकडा कमी दाखवते, हे मी दरवर्षी वर्गात सांगतो. थोडाच फरक पडेल, तार आली की बदलू, म्हटलं. तार आली. कपाटात पडून राहिली.

दादा मात्र येईल त्याला दाखवायचा, "भावानं केलंय."

मे महिन्यात गिअर परत यायला लागले, दात तुटलेले. वहिनी डबा घेऊन शेडमध्ये आल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, ते मशीनच खोटं बोलत असंल."

"मशीन कशाला खोटं बोलंल? त्याला काय माझ्यावानी मोतीबिंदू हाय?" दादा हसला.

मी भट्टीच्या अंगावरच्या त्या जोडाला हात लावून बघितला. हात ठेववेना. म्हणजे पेटी साडेआठशे दाखवत होती तेव्हा आत नऊशेच्या वर होतं. माल करपत होता, आणि तो माझ्यामुळं.

रविवारी तपासणीच्या नावाखाली जाऊन मी तार बदलली. पुढची खेप चांगली निघाली. दादा खुशीत म्हणाला, "बघ, जरा ध्यान दिलं की जमतंय. माझाच हात चुकत होता."

तिथं तोंड उघडायला हवं होतं. मी चहा प्यालो.

पण बहुतेक कारखानदारांनी तोवर काम दुसरीकडं नेलं होतं, ते परत आलं नाही. भट्टी भंगारात गेली त्या दिवशी मी सगळं सांगितलं. दादा मोकळ्या झालेल्या जागेकडं बघत बसला.

"आदी सांगायचं की रे. एकेकाच्या दारात जाऊन म्हनलो असतो, मीटर चुकलं, मी न्हाय." मग म्हणाला, "आता कुणाला जाऊन सांगू?"



दादा आता घरीच असतो. माझ्यावर रागावलेला नाही, निदान दाखवत तरी नाही. चूक माझी होती हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरी गॅसवर चहा ठेवला की, उकळी समोर दिसत असूनही, आतल्या खोलीकडं बघून वहिनींना हाक मारतो, "उकळला का गं? तूच येऊन बघ."