सात अंश डावीकडे

आमच्या कॉलेजात कुणी भुताखेतांचं काढलं की सगळे आधी माझ्याकडे बघतात. कारण मी वाद घालतो. फिजिक्सच्या प्रयोगशाळेत अठरा वर्षं काढलीत. आकडा दाखवा नाहीतर गप्प बसा, हा माझा खाक्या. त्यामुळे मी इथे लिहायला बसलोय हे पाहून घरात हसणं चाललंय... हसू देत. आकडा माझ्याकडे आहे, उत्तर तेवढं नाही.

आम्ही लोणखेड्याचे. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो, आईला माय. आप्पा शिक्षक. त्यांची पहिली नोकरी सातपुड्यात, काठीला. लग्नानंतरची तीन वर्षं दोघं तिथेच एका खोलीत राहिले. पुढे बदली होऊन खाली आले, पण मायचा जीव तिथेच, काठीच्या होळीत अडकलेला. गेल्या दसऱ्याला आप्पांनी तिला शब्द दिला, "औंदा होयीले तुले काठीले लई जासू. आपली गाडीमा." दिवाळी झाली आणि आप्पा गेले. झोपेतच.

आपली गाडी म्हणजे तेरा वर्षं जुनी पांढरी सेडान. तिचं स्टेअरिंग वाकडं. म्हणजे गाडी सरळ चालायची, पण स्टेअरिंग जरा डावीकडे कललेलं. मोटरसायकलवरून पडून आप्पांचा उजवा हात कोपरात अधू झाला होता. स्टेअरिंग कललं की उजवीकडची दांडी थोडी वर येते, तिच्यावर हात टेकवायला त्यांना बरं पडायचं. शहाद्याच्या शकूरभाई मेकॅनिककडून त्यांनी मुद्दाम तसं बसवून घेतलं होतं. मला ते बघवायचं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर तिरकं असलं तरी मला जेवण जात नाही! यावरून आमची कैकदा जुंपली. आप्पांचं उत्तर ठरलेलं — "गाडी सरय चाली ऱ्हायनी ना? मंग तुले काय शे!"

तेरावं झालं आणि तिसऱ्या दिवशी मी दुसरीकडे जाऊन चाकांची अलाइनमेंट करून आणली. स्टेअरिंग सरळ. घरात निदान काहीतरी आपल्या हातात आहे असं वाटावं म्हणून केलं, दुसरं काही नाही. परत येताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. छोटीशी गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा. चाक घसरायला लागलं की इंजिनाची ताकद आवरणारी ती यंत्रणा.

शकूरभाईंनी स्कॅनर लावला. "सोपं शे भाऊ," म्हणाले. स्टेअरिंग किती वळलंय हे सांगणारा एक सेन्सर असतो. स्टेअरिंग सरळ असताना त्याने शून्य दाखवायला हवं, तो सात अंश दाखवत होता. म्हणजे गाडीच्या मते 'सरळ' हे सात अंश डावीकडे होतं. त्यांनी शून्य नव्याने बसवलं, दिवा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हजर. पुन्हा सात. सहा नाही, आठ नाही.

मग सुरू झालं... बॅटरी दोन दिवस काढून ठेवली. वायरिंग उलगडून पाहिलं. चारही चाकांचे सेन्सर साफ केले. स्टेअरिंगचा सेन्सर नवा कोरा टाकला. धुळ्याहून दुसरा स्कॅनर आणवला. संध्याकाळी शून्य, सकाळी सात.

"सेन्सर नवा, वायर नवी," शकूरभाईंनी कपाळाला हात लावला. "आते काय बदलू, मन्हं नशीब?"

होळी पंधरा दिवसांवर आली. आणि हा नुसता दिवा नव्हता. वळणावर गाडीला वाटायचं आपण घसरतोय, आणि ती मध्येच दम सोडायची. काठीच्या वाटेवरच्या धडगावच्या घाटात ही गाडी नेऊ नका, असं शकूरभाईंनी बजावलं. मी मायला म्हटलं, भाड्याची गाडी करू. ती म्हणाली, "जासू ते याच गाडीमा. नही ते नको." तिचे गुडघे पाहता पुढच्या वर्षी घाट वगैरे विसरायचंच होतं. शब्द आप्पांचा, आणि तो माझ्यामुळे मोडणार... माझी झोप उडाली.

एका दुपारी तिला शहाद्याला डॉक्टरकडे नेलं होतं. येताना गॅरेजवर थांबलो. शकूरभाईंनी इंजिन चालू करून स्कॅनर लावला, पुन्हा सात. माय आमच्याकडे बघत होती. मग काय मनात आलं कोण जाणे, ती सरळ ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसली. उभ्या आयुष्यात तिने गाडी चालवलेली नाही.

"त्या असा हात ठेवेत," म्हणाली. आप्पांना ती 'त्या' म्हणायची. डोळे मिटले, उजवा तळवा दांडीवर टेकवला, स्टेअरिंग हळूच डावीकडे नेलं आणि थांबवलं.

शकूरभाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. शून्य.

मी तिला हात काढायला लावला, स्टेअरिंग गरगर फिरवलं आणि पुन्हा तसंच ठेवायला सांगितलं. प्रयोग तीनदा करायचा असतो. तिला स्क्रीन दिसत नव्हती, डोळे मिटलेले. तिन्ही वेळा शून्य. मग ती चिडली, "कितला डाव करी घेशी? इतला वरीस त्यास्ना बाजूले बठेल शे मी!"

मी गॅरेजच्या मागे जाऊन रडलो. तेराव्यानंतर तिसऱ्याच दिवशी मी माझ्या बापाचा हात त्या गाडीतून काढून टाकला होता.

शकूरभाईंनी स्टेअरिंग आधी होतं तसं वाकडं बसवून दिलं. दिवा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. होळीच्या दुपारी आम्ही दोघंच निघालो. घाटात गाडीने एकदाही दम सोडला नाही. चार वळणं झाल्यावर माझा हात आपोआप त्या दांडीवर टेकला... आणि बरं वाटलं. इतकी वर्षं भांडलो, पण एकदा हात टेकवून बघितला नव्हता.

काठीला आप्पांच्या एका विद्यार्थ्याने — तोही आता पांढऱ्या केसांचा — मायला त्यांची खोली होती ती जागा दाखवली. पहाटे होळी पेटली. ढोल, घुंगरू, नुसती रेटारेटी. माय त्या गर्दीत उभी होती आणि तिच्या उजव्या हाताला एका माणसापुरती जागा रिकामी होती. तिथे कुणी घुसलं नाही. मीही नाही.

घरी येऊन गाडी अंगणात लावली. किल्ली माझ्या उशाशी. सकाळी गाडी सुरू केली तर पिवळा दिवा! शकूरभाईंकडे गेलो. पुन्हा सातचाच फरक, पण आता उलटा. आता गाडीच्या मते 'सरळ' म्हणजे अगदी सरळ. कुणी हात लावला नव्हता. स्टेअरिंग सरळ बसवलं, दिवा गेला. याला आता कित्येक महिने झाले. एकदाही लागलेला नाही.

मायला सांगितलं तेव्हा ती मेथी निवडत होती. "माले पोहचाडी दिनं त्यास्नी," म्हणाली. "आते गयात त्या." आणि पुन्हा मेथीला लागली. त्या दिवसापासून ती शांत झोपते.

इलेक्ट्रॉनिक्सवाले मित्र म्हणतात, जुना आकडा गाडीच्या मेमरीत राहिला असेल. असेल. मग रोज पुसूनही परत येणारा तो आकडा काठीहून आल्यावर कुणी पुसला? इथल्या जाणकारांनी सांगावं. मी वाद घालणार नाही.

माय मोकळी झाली, मी नाही झालो. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचे सगळे दिवे तपासणीपुरते तीन सेकंद लागतात आणि विझतात. सगळ्याच गाड्यांत लागतात, त्यात काही नवल नाही. रोज सकाळी मी त्या पिवळ्या दिव्याकडे बघत बसतो. एक... दोन... मनात म्हणतो, राहा ना आप्पा. तिसऱ्याला तो विझतो. मग सरळ स्टेअरिंग धरून मी कॉलेजला निघतो.