तिकिटावरचं उघडं तोंड

टपाल खात्यानं सासूबाईंच्या सन्मानार्थ तिकीट काढायचं ठरवलं, तेव्हा माझ्याखेरीज घरात सगळे खूश झाले. त्यांचे पुढचे दोन दात पडलेत. ते खिंडार आता पाकिटापाकिटांवरून देशभर फिरणार आणि लोक म्हणणार, सून काय झोपा काढत होती?

सासूबाईंचं इस्त्रीचं दुकान आहे. त्यांच्या माणसांची भाषा आता मूठभर म्हातारे बोलतात, तेही एकमेकांपासून लांब. सासूबाई मात्र गल्लीतल्या पोरांना ती शिकवतात. कपड्यावर इस्त्री फिरेपर्यंत त्या गोष्ट सांगणार, घडी घालता घालता पोरानं ती परत सांगायची. अडखळलं की घडी मोडायची, पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाइकं आधी कुरकुरतात, मग तीही ऐकत उभी राहतात.

माझ्या मुलीला मी त्यात बसू दिलं नव्हतं. शाळेच्या दोन भाषा, त्यात ही तिसरी. पोरीच्या डोक्यावर केवढा ताण! शिवाय तिथे इस्त्री. पदवीधर आईला काळजीची कारणं शोधावी लागत नाहीत, ती रांग लावून येतात.

फोटोच्या दिवशी सकाळी टपाल खात्याचे साहेब फोटोग्राफरला घेऊन दुकानात आले.

“आजी, तोंड मिटून शांत बघा,” फोटोग्राफर म्हणाला.

“हो आई, मिटलेलंच बरं,” मी लगेच री ओढली.

“तोंड मिटलेला फोटो मेल्यावर लावा,” सासूबाई म्हणाल्या. “भाषेसाठी तिकीट काढताय ना? मग मी बोलताना दिसले पाहिजे. नाहीतर नको.”

साहेब समजूतदार. “बरं, बोला मग.”

“कुणाशी?”

पोरं शाळेत होती. ज्या बहिणीशी त्या रोज फोनवर भांडायच्या, ती गेल्या वर्षी गेली. माझा नवरा पुटपुटला, “आई, मला कळतं गं, पण बोलता नाही येत.”

“भिंतीशी बोलायला मला वेड नाही लागलेलं. जवाब देणारं कुणी नसेल, तर कसली भाषा आणि कसलं तिकीट? राहू द्या.” त्यांनी फोटोसाठी पांघरलेली नवी शाल काढली आणि घडी घालायला घेतली. घडी वाकडी पडली. त्यांची घडी वाकडी पडलेली मी कधी पाहिली नव्हती.

एवढ्यात माझी मुलगी, जिला दोन शिंका आल्या म्हणून मीच शाळेला दांडी मारायला लावली होती, टेबलाशी गेली आणि तिनं इस्त्रीकडे हात नेला.

मी किंचाळले. हात काढ, भाजेल, मागे हो, किती वेळा सांगायचं! सगळं एका दमात आणि सगळं सासूबाईंच्या भाषेत. इतकी वर्षं संध्याकाळी तिथे घड्या घालते मी; त्या दुकानात गरम इस्त्रीवरून ओरडा होतो तो त्याच भाषेत. माझ्या भित्र्या कानांनी तेवढंच नेमकं टिपलेलं.

सासूबाई गर्रकन वळल्या. “बटण बंद आहे, भित्री भागूबाई!” त्याच भाषेत.

“बंद असली तरी गरम असते!” मी.

“सकाळपासून लावलीच नाही!”

“तुमचा काय भरवसा!”

त्या हात उगारून खदखदा हसत मला झापत राहिल्या, आणि फोटोग्राफरनं तेवढ्यात फोटो घेतला.

तिकीट निघालं, खिंडारासकट. लोक म्हणतात, चेहऱ्यावर काय तेज आहे! आणि विचारतात, काय सांगतायत त्या? मी विषय बदलते.

“घाबरायचं सगळं येतं तुला, आता बाकीचं शीक,” म्हणून सासूबाईंनी मला पोरांच्या रांगेत उभं केलंय. काल एका चादरीची घडी इतक्यांदा मोडली, की गिऱ्हाईक वैतागून ती तशीच बोचक्यात घेऊन गेलं. मी अडले की मागून मुलगी पुढचं वाक्य सांगते. ती हे कधी शिकली, कुणाच्या परवानगीनं, आणि इस्त्रीपासून किती लांब बसून, हे विचारायचं धाडस माझं अजून झालेलं नाही.