दादूसचा पेला

किशोरीच्या नोकरीची तिच्या सासरी थट्टा व्हायची. बाई दिवसभर झाडांची मुळं चाखते आणि त्याचा पगार घेते, असं नणंद चारचौघांत सांगायची. त्यात खोटं काही नव्हतं. तळोज्याचा तो कारखाना परदेशी कंपन्यांना वनस्पतींचे अर्क पुरवायचा. कुणाला पेयात घालायला, कुणाला गोळ्यांत भरायला. कुठला अर्क कशाला घ्यायचा, हे किशोरी ठरवायची.

मागच्या वर्षी तिच्या टेबलावर कावा आला. गनिमी नव्हे, फिजीकडच्या बेटांवर होणाऱ्या एका झुडपाचं मूळ. तिकडची माणसं ते कुटून पाण्यात कालवतात आणि संध्याकाळी घोळक्यानं बसून पितात. दारूसारखं डोकं फिरत नाही, पण जीव निवांत होतो म्हणतात. नमुने तीन होते. पहिला पिवळाधमक, जहाल आणि स्वस्त. त्यात देठ-पाला मिसळलेला निघाला, तो तिनं सरळ बाजूला सारला. दुसरा स्पिरिटमध्ये काढलेला, डिंकासारखा चिकट. गोळ्यांना चालला असता, पण पाण्यात विरघळायचं नाव घेईना. तिसरा नुसत्या मुळाचा, पाण्यात काढलेला, मातकट. तो गार पाण्यात ढवळून तिनं घोट घेतला. जीभ बधिर झाली, कडवटपणा घशात राहिला आणि थोड्या वेळानं खांदे सैल पडले. पेयासाठी हाच, असं तिनं ठरवलं, आणि त्याच क्षणी तिला दादूस आठवला.

दादूस म्हणजे तिचा थोरला भाऊ दिनानाथ. करंजाड्याजवळच्या गावात राहणारा, आसपासच्या गावांत नावाजलेला बेंजोवाला. आता आम्हां आगऱ्यांची हळद म्हणजे लग्नाहून मोठं प्रकरण. मटण शिजतं, बाटल्या फुटतात आणि वाजवणाऱ्याचा हात रिकामा दिसला की यजमानाला चैन पडत नाही. पेला नाकारला की त्याचं नाक कापलं जातं. असल्या मानापायी किती घरं बसली, याचा हिशेब कोणी करत नाही. दिनानाथनं मध्ये लिंबू सरबत घेऊन पाहिलं होतं. “काय रे, उपास धरलास काय?” असं विचारून लोकांनी त्याला दोन हळदीत हैराण केलं, तिसऱ्या हळदीला तो पुन्हा प्यायला.

त्यात त्याच्या मुलीचं, अंकिताचं लग्न ठरलं. “मना पोरीच्या हळदीला शुद्धीवर रव्हायचंय, बाय,” तो किशोरीला म्हणाला होता. एवढीच त्याची मागणी होती.

उरलेल्या नमुन्याची मोठी पुडी साहेबांना विचारून तिनं भावाच्या घरी नेली आणि त्याला कालवून दिली.

“चिखलाचं पानी हाय गो,” तो म्हणाला. मग बराच वेळ ओट्यावर बसून राहिला. “पन बरं वाटतं.”

तो थर्मासमध्ये कावा घेऊन हळदीला जायला लागला. कोणी विचारलं तर “विलायती हाय, तुमाला झेपायचं नाय,” असं ऐटीत सांगायचा, आणि पिणाऱ्यांनाच त्याचा हेवा वाटायचा. दारू सुटली. सकाळी हाताला सुटणारा कंप थांबला, बेंजो पहिल्यासारखा बोलू लागला. किशोरीला इतका आनंद झाला, की ती ऑफिसात कारण नसताना पेढे वाटून आली.

लग्नाच्या तयारीत तांदूळ निवडताना दिनानाथची बायको, शोभावहिनी, सहज बोलून गेली, “डॉक्टर बोललेला लिवर गेलंय म्हनून. आता बघ, कसा सुदरलाय.”

किशोरीनं सूप खाली ठेवलं. “वैनी, मला कोणी सांगितलं का नाय?”

“लगीनघरात दुखन्याचं नाव काढतात काय? सोयऱ्यांच्या कानावर गेलं म्हंजी?”

ही आमची रीत. नवऱ्याकडच्यांपासून लपवायचं म्हणून सख्ख्या बहिणीपासूनही लपवायचं. आणि यकृत बिघडलेल्यानं कावा घेऊ नये, ही सूचना बाटलीवर ठळक छापा, असं कावा मागवणाऱ्या परदेशी कंपनीला बजावणारी किशोरीच होती. अनोळखी गिऱ्हाइकांची काळजी करणाऱ्या तिनं भावाला मात्र काही विचारलं नव्हतं. तिला स्वतःची चीड आली, आणि त्याहून जास्त भीती वाटली.

त्याच दिवशी तिनं पुडी परत मागितली. “दादूस, हे तुझ्या लिवरला बाधेल. आता नाय प्यायचं.”

तो भांडला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्यानं गुपचूप पुडी आणून दिली. “मंग हलदीला हातात काय धरू?”

“शहाळ्याचं पाणी देते. मी आहे ना तिथं.”

ती होतीही. मांडवात अंकिताला हळद लावताना तिचं लक्ष सारखं भावाकडे होतं. गाववाल्यांना त्यानं हसून टाळलं. मग नवऱ्या मुलाचा काका पेला घेऊन समोर आला. मुलीच्या बापानं सोयऱ्याचा पेला परतवायचा, हे आमच्याकडे होत नाही. दिनानाथनं गर्दीतून बहिणीला शोधलं. ती हळदीच्या हातांनी उठेपर्यंत त्यानं पेला रिकामा केला होता. मग दुसरा आला, आणि नंतर तो कोणाला आवरला नाही. दुसऱ्या दिवशी अंकितावर अक्षता पडल्या तेव्हा तिचा बाप आतल्या खोलीत बेशुद्ध पडला होता. बापाच्या जागी चुलता उभा राहिला.

त्यानंतर दिनानाथनं बेंजो हातात धरला नाही. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले आणि गणपतीनंतर तो गेला.

तेराव्याचं जेवण झाल्यावर किशोरी वहिनीजवळ जाऊन बसली. मी त्याला ते द्यायलाच नको होतं, एवढं तिला कबूल करायचं होतं. वहिनी खरकटी ताटं गोळा करत होती.

“डॉक्टर लगनाआदीच बोललेला, हा दिवाली बगायचा नाय,” वहिनी म्हणाली. “मना ठावं होतं. त्यालाबी ठावं होतं.”

“वैनी, त्या काव्यानं तो आणखी लवकर गेला असता.”

“गेला असता.” वहिनीनं ताटं खाली ठेवली. “पन पोरीवर अक्षता टाकून गेला असता.”