गुरुवारची पाने

डॉ. इंदुमती शिवशरण मॅडम यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहिण्याचा माझा अधिकार शास्त्रीय नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असून महाविद्यालयाच्या कार्यालयात काम करतो. मॅडम तेथे वनस्पतिशास्त्र शिकवीत. आमचा परिचय माझ्या एका हरकतीमुळे झाला. प्रयोगशाळेच्या मागणीपत्रकात 'नेलपॉलिश, रंगहीन, बारा बाटल्या' अशी नोंद होती. मी 'प्रयोजन स्पष्ट करावे' असा शेरा मारून ते परत पाठविले.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः माझ्या टेबलाशी आल्या. "पवार, प्रयोजन लिहून कळायचं नाही. चला." प्रयोगशाळेत त्यांनी कडुनिंबाच्या पानाच्या खालच्या अंगाला ते पॉलिश लावले, वाळल्यावर चिकटपट्टीने त्याचा पापुद्रा उचलला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. असंख्य बारीक छिद्रांचे ठसे दिसले. "ही पर्णरंध्रं. झाड यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतं, पाण्याची वाफ बाहेर सोडतं. हवेत विषारी वायू असेल तर तोही इथूनच शिरतो. झाडाला नाक मुरडायची सोय नाही." बाटल्या मी स्वतः नवी पेठेतून आणल्या. दुकानदाराने विचारले, "घरी कार्य हाय काय, साहेब? का गावजेवणाआधी साऱ्या गावाची नखं रंगवायची?" मी खरे प्रयोजन सांगितले, त्याचा विश्वास बसला नाही.

झाड आणि हवा यांच्यातील ही देवाणघेवाण मोजणे हेच मॅडमचे आयुष्यभराचे काम. ते करताना त्यांनी झाडांची खोटी स्तुती कधी केली नाही. वृक्षारोपणाच्या एका समारंभात एक वक्ते म्हणाले, की झाडे सारी धूळ गिळून टाकतात. मॅडमनी तेथेच दुरुस्ती केली: पान धूळ धरते, पण वारा सुटला की पुन्हा सोडते, आणि धुळीने रंध्रे बुजली तर झाडाचाच श्वास अडतो. संयोजकांना ते रुचले नाही. मॅडमना त्यानंतरच्या समारंभाचे निमंत्रण आले नाही.

निवृत्तीनंतर मदतीला विद्यार्थी उरले नाहीत, म्हणून नमुने गोळा करण्याचे काम मी मागून घेतले. येथून पुढचे लिहिणे मला जड जाते. पण ते वगळले तर हा लेख अपुरा राहील.

शहराबाहेरच्या एका गावी प्राथमिक शाळेमागील टेकडीपलीकडे खडी फोडण्याचे क्रशर आहे. त्याला मुदतवाढ द्यावी की नाही, यासाठी शाळेच्या आवारात किती धूळ पडते याचा अहवाल मॅडमकडे मागितला गेला. पद्धत साधी होती. शाळेतील कडुनिंबाच्या खुणेच्या फांद्या धुवायच्या, चोवीस तासांनी त्यांची पाने काढायची, ती धुतलेले पाणी गाळून धूळ तोलायची. मी तीन महिने दर गुरुवारी सकाळी सातला फांद्या धुतल्या आणि शुक्रवारी सातला पाने काढली. एकदाही पाच मिनिटे मागेपुढे झाली नाहीत. धूळ थोडीच भरली. तसा अहवाल गेला.

अहवाल गेल्यावर मी पिशव्या आणि खुणेच्या चिठ्ठ्या परत आणायला शाळेत गेलो. तेथे खिचडी शिजवणाऱ्या रुक्मिणीमावशी म्हणाल्या, "साहेब, एक इचारू? तुमी नेमकी गुरुवारचीच धूळ का न्हेत होता?"

"का? ठरलेला वार आहे."

"आवो, गुरुवारी क्रशर बंद असतंय की! मशीन दुरुस्तीला. बाकीच्या दिवशी आठला सुरू हुतंय, तवर तुमी पाक घरी. घड्याळ लई सांभाळता, पण धूळ काय तुमचं घड्याळ बघून येती व्हय?"

मी तसाच मॅडमच्या घरी गेलो. मावशींचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. सगळे ऐकून त्या एवढेच म्हणाल्या, "वार तुम्ही ठरवलात, पण कोणता ते मी विचारलं नाही. अहवालावर सही माझी आहे." त्याच दिवशी त्यांनी अहवाल मागे घेत असल्याचे पत्र दिले, त्यात माझे नाव कोठेही नव्हते. मुदतवाढीच्या सुनावणीत क्रशरच्या बाजूचे एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, आधी एक लिहिता, मग दुसरं. आता तिसरं कधी?"

मॅडम म्हणाल्या, "पुढची चूक सापडेल त्या दिवशी."

फेरमोजणीसाठी मुदत मिळाली आणि मॅडमनी ती मोजणी पुन्हा माझ्याकडेच सोपविली. "वार बदला, पवार. वक्तशीरपणा राहू द्या," असे त्या म्हणाल्या. आता आठवड्याच्या सातही वारांची पाने काढली जातात. मॅडम स्वतः येतात, क्रशर सुरू असताना झाडाखाली उभ्या राहतात. त्यांना खोकला लागला आहे. मी मास्क पुढे केला, तर तो त्यांनी रुक्मिणीमावशींना दिला. पाने आता राखाडी येतात. पण निर्णय अजून व्हायचा आहे, शाळा रोज भरते आहे, आणि सातही वार घेऊनसुद्धा आपल्या नजरेतून काही निसटले तर नाही ना, या शंकेने मी प्रत्येक नोंद तीनदा तपासतो.

या ग्रंथातील इतर मान्यवर मॅडमना शतायुष्य चिंततील. त्यात माझाही स्वर आहे. मात्र माझ्या इच्छेत स्वार्थ आहे, तो लपवीत नाही. मॅडमनी औषध वेळेवर घ्यावे, टेकडीकडे जाताना नाकातोंडावर फडके बांधावे आणि निरोगी राहावे. निकाल लागेल तेव्हा त्या सुनावणीला हजर असाव्यात. आणि आमची ही मोजणीही कोठे चुकली असेल, तर ते उभे राहून सांगायला त्या असाव्यात. कारण तसे सांगणारे दुसरे कोणी मला अजून भेटलेले नाही.