श्रीरंग देवतळे वाचतो

श्रीरंग देवतळे आणि मी टूल रूममध्ये बावीस वर्षं शेजारशेजारच्या बाकांवर काम केलं. कारखाना संरक्षण खात्याचा, शहर जबलपूर, आणि आम्ही दोघंही घरात मराठी बोलणारे, म्हणून आमचं जमलं. म्हणजे मी बोलायचो आणि तो ऐकायचा. श्रीरंग लहानपणापासून अडखळत बोलायचा. एखादा शब्द ओठापर्यंत यायचा आणि तिथेच अडून बसायचा. गळ्याच्या शिरा फुगायच्या, डोळे मिटले जायचे, आणि समोरचा माणूस बिचारा दुसरीकडे बघू लागायचा.

त्याने त्यावर स्वतःचे मार्ग काढले होते. अडणारा शब्द टाळून दुसरा वापरायचा. ओमती भागातल्या किराणा दुकानात साबुदाणा आणायला जायचा आणि पोहे घेऊन यायचा. त्याची बायको विनीता अमरावतीची, बोलायला मोकळी. ती एकदा मला म्हणाली, "भाऊजी, हे पोहे घेऊन आले की मी समजते, आज 'सा' अडकला. काही विचारत नाही. पोहे करून टाकते."

हाताचं काम मात्र असं, की साहेब लोक त्याला शोधत यायचे. केसाच्या जाडीचा फरक तो बोटाने ओळखायचा.

त्याची मुलगी रुचिरा नोकरीसाठी इंदूरला गेली. सुट्टीत आली तेव्हा तिने बापाच्या मोबाइलमध्ये पुस्तकं ऐकण्याचं ॲप टाकून दिलं. "बाबा, यात लोकांच्या जिंदगीच्या गोष्टी आहेत. मराठीत पण आहेत. सुनो ना, चालता चालता." रुचिराची मराठी अशीच, अर्धी हिंदीवर टेकलेली.

श्रीरंग पहाटे सदर या छावणी भागातल्या रुंद रस्त्यांवर फिरायला जायचा. तिथे तो ऐकू लागला. एका परिचारिकेच्या आठवणी, एका गिर्यारोहकाचं आत्मचरित्र, जहाजावर इंजिन सांभाळणाऱ्या एका माणसाची जीवनकथा. कादंबऱ्या त्याला नको असत. "खऱ्या माणसाचं बरं," तो म्हणायचा, "त्यांचंही क-क-कुठेतरी अडलेलं असतं."

जहाजवाल्याचं पुस्तक त्याला इतकं आवडलं, की ते तो तिसऱ्यांदा ऐकत होता. वादळात इंजिन बंद पडतं, तो प्रसंग. वाक्यं पाठ झाली होती. चालता चालता त्याचे ओठ हलू लागले, मग आवाज फुटला, आणि कानातल्या आवाजाबरोबर तो अख्खं वाक्य बोलून गेला. कुठेही न अडता. तो थांबला. मागे जाऊन तेच वाक्य पुन्हा लावलं, पुन्हा बोलला. पुन्हा तसंच, सरळ. मग पूर्ण पान. नंतर त्याने मला सांगितलं की तो छावणीच्या भिंतीला हात टेकून उभा राहिला.

रुचिराने माहिती काढली. अडखळणाऱ्या पुष्कळ माणसांची जीभ दुसऱ्याच्या आवाजासोबत मोकळी होते. आरतीत श्रीरंग कधीच अडत नसे, हे आम्हाला ठाऊक होतं, पण त्याचा विचार कोणी केला नव्हता.

त्यानंतर तीन वर्षं रोज सकाळी तो कानातल्या माणसांबरोबर मोठ्याने बोलत चालला. सदरमधल्या लोकांना वाटायचं, हा फोनवर कुणाशी भांडतो आहे. तो फक्त हात वर करून पुढे जायचा. पण इयरफोन काढला की गाडी पुन्हा तिथेच. सोबत असेल तर वाणी, एकटा असेल तर मुका. यापुढे काही होईल असं त्यालाही वाटत नव्हतं.

आमचे जुने फोरमन भय्यासाहेब कोलते तेव्हा चौऱ्याऐंशीचे होते. श्रीरंगला त्यांनीच घडवलं होतं. काचबिंदूने त्यांची दोन्ही डोळ्यांची नजर गेली होती. नजर शाबूत असताना त्यांनी चार वह्या भरून आपलं आयुष्य लिहिलं होतं: जबलपूरजवळच्या पाटणचं बालपण, मटाराच्या गाड्यांवर बसून शाळेत जाणं, कारखाना, लढाईच्या दिवसांतल्या दुहेरी पाळ्या. आता ते स्वतःला वाचता येत नव्हतं. मुलगा यशोधन बेंगळुरूला. त्याने दोनदा वाचून दाखवायचा प्रयत्न केला, पण तो 'करून राहिलो' दिसलं की 'करत होतो' वाचायचा. भय्यासाहेब चिडायचे, "हे माह्यं नाही. हे कोण्या पुस्तकातल्या माणसाचं हाय."

एका रविवारी त्यांनी श्रीरंगला बोलावलं. मीही सोबत होतो.

"तू वाच," ते म्हणाले. "कारखान्याचे शब्द तुलेच समजतात. आन् मोबाइलात भरून ठेव. मले माह्यी गोष्ट ऐकायची हाय."

श्रीरंगने जोरजोरात मान हलवली.

"काहून गप्प आहेस? मान हलवून राहिला असशील तं सांगतो, मले दिसत नाही."

मी तोंड उघडणार होतो. भय्यासाहेबांनी माझ्या दिशेने बोट केलं. "तू नको बोलू. त्याले बोलू दे."

श्रीरंगचा घाम गळत होता. शेवटी तो म्हणाला, "म-म-मला जमणार नाही. मी अ-अडतो."

"मले का घाई हाय?" भय्यासाहेब म्हणाले. "मी घरीच असतो."

पुढच्या रविवारी काम सुरू झालं. पहिल्या ओळीलाच श्रीरंग अडला. तेव्हा भय्यासाहेबांनी ती ओळ स्वतः म्हणायला सुरुवात केली. लिहिलेलं त्यांना बरंचसं पाठ होतं. त्यांच्या आवाजाला धरून श्रीरंग वाचू लागला. दोन आवाज, एक गोष्ट. ज्या पानावर म्हाताऱ्याची आठवण सुटायची, तिथे श्रीरंग पुढे व्हायचा. श्रीरंग अडला की म्हातारा हात द्यायचा. असं चार महिने चाललं. मे महिन्यात पंख्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो म्हणून पंखा बंद. विनीताही सोबत यायची, ओले टॉवेल पुरवायची.

तिसऱ्या वहीत भय्यासाहेबांच्या पत्नीच्या आजारपणाचा भाग होता. श्रीरंग वाचत गेला. पान उलटलं, आणखी एक उलटलं. ते संपल्यावर त्याने वर पाहिलं. भय्यासाहेब गप्प बसले होते, गालांवरून पाणी वाहत होतं.

"तुम्ही कधीपासून बोलत नाही आहात?" श्रीरंगने विचारलं.

"अडीच पानं झाली," ते म्हणाले. "थांबू नको. वाच."

अडीच पानं तो एकटा वाचत होता, आणि त्याला कळलंही नव्हतं. विनीता दारात टॉवेल घेऊन उभी होती. ती तिथेच खाली बसली आणि हसत हसत रडायला लागली.

पहिल्या दोन वह्या त्यांनी मोबाइलमध्ये पुन्हा भरल्या, एकट्या श्रीरंगच्या आवाजात. सगळं मिळून साडेअकरा तास झाले. अडणं गेलं नव्हतं. पण आता शब्द अडला तर तो पळत नसे. त्याच शब्दापाशी उभा राहायचा, शब्द यायचा, मग पुढे.

भय्यासाहेबांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसाला मराठी मंडळाच्या सभागृहात कार्यक्रम ठेवला. दीडशे माणसं आली. यशोधनने स्पीकर जोडला, रेकॉर्डिंगमधला अर्धा तास ऐकवायचं ठरलं होतं. तेवढ्यात भय्यासाहेबांनी काठी आपटली.

"मशीन काहून लावून राहिले? तो बसला हाय ना समोर. श्रीरंग, ये. वाच."

विनीताने माझा हात घट्ट धरला. श्रीरंग उठला. माइकसमोर उभा राहून त्याने सांगायला सुरुवात केली, "मी श्री... श्री..." आणि अडला. कुणीतरी खाकरलं. 'देवतळे' म्हणून सुटता आलं असतं. तो सुटला नाही. डोळे उघडे ठेवून, लोकांकडे बघत थांबला. आणि मग स्वच्छ आवाजात म्हणाला, "श्रीरंग. श्रीरंग देवतळे. मला वेळ लागतो. तुम्हाला घाई नसेल तर वाचतो."

लोक हसले, प्रेमाने. मग त्याने वही उघडली.

"त्या दिवशी मी पहिल्यांदा मायक्रोमीटर धरून राहिलो होतो, आन् हात कापून राहिला होता. उस्ताद म्हणाले, डरो मत, लोहा है, काटेगा नहीं."

तो चाळीस मिनिटं वाचत होता. दोनदा अडला, दोनदा थांबला, आणि दोन्ही वेळा लोक पुढे झुकून बसले, जणू तो शब्द त्यांनाच हवा होता. कारखान्यातले जुने लोक रडले. पोरांनी शिट्ट्या मारल्या. शेवटी भय्यासाहेब उभे राहिले आणि आवाजाच्या रोखाने त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यामागे अख्खं सभागृह उभं राहिलं.

आता आपल्या वह्या घेऊन येणाऱ्यांची श्रीरंगकडे रांग आहे. पाटणच्या निवृत्त नर्स विभावरीबाईंच्या आठवणी तो सध्या मोबाइलमध्ये भरतो आहे.

गेल्या मार्चमध्ये तो निवृत्त झाला. निरोपाच्या कार्यक्रमात प्रत्येकाला पाच मिनिटं दिली होती. श्रीरंग वीस मिनिटं बोलला तेव्हा सूत्रसंचालकाने चिठ्ठी पाठवली: वेळ संपली. त्याने ती चिठ्ठी माइकवर मोठ्याने वाचून दाखवली, घडी करून खिशात ठेवली, आणि पुढे बोलू लागला.