मी मेन स्विच ओढला त्या दिवशी

हातातला चहा आधी संपवा, मग ऐका. नायतर नाकातून येईल. चाळीस वर्षं मी फिटर होतो, लोकांच्या मशिनी दुरुस्त केल्या, अन् घरच्या नातीची तीन आठवड्यांची मेहनत एका बोटानं मातीत घातली. एका तरी कुठं, अर्ध्याच!

उरलेलं अर्धं चितेगावच्या एका कारखान्यात प्रेसखाली गेलं. थांबायचं बटण मी दाबलं होतं. प्रेस थांबलीही, पण जरा उशिरा. जरा म्हणजे किती, ते या बोटाला विचारा.

आमची नात प्रज्ञा मुकुंदवाडीच्या घरी बसून कंपनीचं काम करते. काम काय? संगणकाच्या पोटात एक मुकादम असतो, त्याला ती कर्नल म्हणते. तो सगळ्या कामांना पाळ्या लावून देतो. हा मुकादम नव्या प्रेस मशिनींत बसणार होता. हात आत गेला की ठरल्या वेळेच्या आत मशीन थांबलीच पाहिजे, दर खेपेला. ते प्रज्ञा तपासत होती. टेबलावर मशीनचा छोटा बोर्ड, शेजारी पडदा, अन् पडद्यावर आकडे भराभरा पळतायत.

"आजोबा, याच्यात दोन कामं कधीतरी एकमेकांत अडकतात," ती म्हणाली. "एकाकडं पाना, दुसऱ्याकडं पकड. दोघांनाही दोन्ही पाहिजेत, अन् दोघंही म्हणतात, तू आधी दे. मग सगळंच ठप्प, थांबायचा हुकूमसुद्धा प्रेसपर्यंत पोचत नाय. एकदा माझ्या डोळ्यांसमोर झालं, पण साहेब म्हणतात तुला भास झाला. उद्याच्या मीटिंगपर्यंत पुरावा नाय दिला तर हे असंच कारखान्यांत जाईल."

स्वयंपाकघरात जाताना ती मला पडद्यासमोर बसवायची, "अडकलं की हाक मारा, हात लावू नका." पण मी नुसता किती वेळ बसणार?

ती स्वयंपाकघरात गेली की मी ओरडायचो, "प्रज्ञे, अडकलं!" ती पिठाचे हात घेऊन पळत यायची. आकडे आपले पळतच असायचे. असं तीनदा केलं. हसून हसून माझी कवळी निघाली.

अन् चौथ्यांदा खरंच अडकलं.

आकडे जागच्या जागी थिजले. मी हाक मारली. आतून आवाज आला, "बस करा, आजोबा." मी शपथ घेतली. "कुणाची शपथ, तुमच्या कवळीची?"

आता मला सांगा, मशीन अडकली की फिटर पहिलं काय करतो? मेन स्विच ओढतो. मी ओढला. अन् छाती काढून आत जाऊन सांगितलं, "अडकलं होतं. मी वाचवली तुझी मशीन."

तिच्या हातातली भाकर तव्याच्या बाहेर पडली.

"बंद केलं? आजोबा, अडकलेलंच पाहिजे होतं मला. तसंच ठेवून आत बघायचं असतं, कुणी काय धरून ठेवलंय ते. वीज गेली की सगळं पुसलं जातं. हात लावू नका म्हणले होते ना मी?"

"मशीनला कुठं लावला? स्विचला लावला."

ती रडली नाय, ओरडली नाय. पडलेली भाकर उचलून माझ्या ताटात वाढली. पोरींनो, शिव्या परवडल्या. तीन आठवडे ज्याची वाट बघितली ते आलं होतं, अन् मी त्याला स्विच ओढून घालवून दिलं.

तिनं पुन्हा चालू केलं. मी अर्धं बोट वर करून म्हणलो, "याची शपथ. पुन्हा अडकलं तर तू येऊन बघेपर्यंत मी या खुर्चीवरून हलणार नाय, स्विचकडं जाणारच नाय."

ती म्हणाली, "अन् मी तुमच्या हाकेला येणार नाय. खरं असंल तर उठून मला न्यायला या."

झालं. दोघंही समाधानानं आपापल्या जागी.

दुपारी आकडे पुन्हा थिजले. मी खुर्चीवरूनच ओरडलो, "प्रज्ञे, अडकलं!"

"मग या की उठून."

"मला उठता येत नाय, शपथ आहे."

"मग मीबी येत नाय."

"अगं खरंच!"

"मग उठा."

असं किती वेळ चाललं म्हणता? पाचोडच्या बाजाराहून आमची मंडळी आली, तिनं पिशवी ठेवली, पाणी प्याली, पाय धुतले, तरी आमचं चालूच. मग ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ती तुम्ही उठायची वाट बघतीय, तुम्ही ती यायची. दोघांना पाणी तरी देऊ का जागेवर?" अन् नातीला दंडाला धरून ओढत घेऊन आली.

प्रज्ञानं पडदा बघितला अन् तोंडावर हात ठेवला. आत शिरून बघितलं तर दोन कामं बसली होती, तशीच, एकमेकांची वाट बघत. साहेबांना पुरावा गेला. मशिनी कारखान्यांत जायच्या थांबल्या. कुणाचं तरी बोट वाचलं म्हणायचं.

मी फुगलो. म्हणलं, "मग यावर विलाज काय लिहिलास?"

"सोपा आहे. अडकलेल्या दोघांत ज्याचं काम कमी महत्त्वाचं, त्याला उठवून बाहेर काढायचं."

"बरोबर आहे. कोण तो?"

तिनं माझ्या हातात रिकामी पिशवी दिली. "आजी कोथिंबीर विसरली. जाऊन या."