रविवार माझा होता

पुण्याच्या मित्राने आमचा ब्लॉग सुरू केला आणि वारही त्यानेच वाटून दिले. सोमवार त्याचा, गुरुवार हैदराबादच्या मैत्रिणीचा, रविवार माझा. आम्ही तिघं नागपूरला एका कॉलेजात होतो. ते दोघं ऑफिसात बसल्या बसल्या लिहायचे. मी जंगलातल्या मुलचेऱ्याला तहसीलमध्ये कारकून, आणि तिथे तेव्हा इंटरनेटचा पत्ता नव्हता. दर रविवारी सकाळची एसटी धरून चंद्रपूर गाठायचं, सायबर कॅफेत तासभर टाइप करायचं, परतीच्या गाडीसाठी पळायचं. आठवडाभर कामात मन नसे. शिक्के मारता मारता वाक्यं जुळवायची, विसरायची, स्वतःवरच चिडायचं. एक रविवार चुकला तर हे दोघं मला सोडून पुढे जातील, ही धास्ती जायची नाही.

त्या श्रावणात पुलावरून पाणी गेलं आणि दोन रविवार एसटीच बंद. तिसऱ्या रविवारी कॅफेत पोचलो तर वीज गेलेली. ती आली तेव्हा गाडीला दहा मिनिटं उरली होती. ब्लॉग उघडला, तर माझ्या नावाने एक लेख आधीच हजर! 'माझी आई'. सगळ्यांचे पासवर्ड पुण्याच्या मित्राकडे असायचे, त्यानेच लिहिला असणार. खाली प्रतिक्रियांची ही लांब रांग. खरं सांगतो, राग यायच्या आधी छाती फुगली. लेख न वाचताच प्रिंट काढली आणि घरी येऊन आईच्या हातात ठेवली. ''तुझ्यावर लिहिलंय,'' म्हणालो.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची. तिने चष्मा लावून कागद दोनदा वाचला. त्यात भर श्रावणात अनवाणी, डोक्यावर टोपली घेऊन मोहफुलं वेचणारी, वाघाला न भिणारी एक बाई होती.

''श्रावणात कुठी मोहफुलं पडते रे?'' ती म्हणाली. मी हसलो. ती हसली नाही. ''माह्या मायनं लोकाच्या बांधीत धानाचे रोवणे करून मले शिकवलं. आई मास्तरीण हाये हे सांगाची लाज वाटली काय तुले?''

लेख माझा नाही, हे मी तिला सांगितलं नाही. तो आठवडा कसा काढला ते मलाच माहीत.

रविवारी चंद्रपूरला उतरल्या उतरल्या बूथवरून पुण्याला फोन लावला.

''अरे, तुझी जागा रिकामी दिसू नये म्हणून लिहिलं,'' मित्र म्हणाला. ''सगळ्यात जास्त कमेंट्स त्यालाच आल्यात.''

''माह्या आईच्या हातचा डबा खाल्ला तू. तिले टोपली काऊन देल्ली?''

''लोकांना तुमच्याकडचं जंगल वाचायचं असतं रे.''

मी फोन ठेवला. कॅफेत जाऊन तो लेख प्रतिक्रियांसकट काढून टाकला आणि नवा लिहिला. आधीचा माझा नव्हता आणि मी तो न वाचताच आईला दिला, हे पहिल्याच ओळीत कबूल केलं. मग तिची सायकल, पदराला लागलेला खडू, पोरांकडून मोठ्याने म्हणवून घेतलेले पाढे.

पुढच्या रविवारी बघितलं तर एकच प्रतिक्रिया होती, कुणा अनोळखी वाचकाची : 'छान. पण आधीचं जास्त खरं वाटलं होतं.'

त्या ओळीसकट प्रिंट काढली. आईने सगळं वाचलं, ती ओळही. कागदाची घडी करून हजेरीच्या वहीत ठेवली.

''पुढच्या रविवारी पुन्हा जाजो,'' ती म्हणाली.